बारी आणि घाट : पिंपळनेरच्या पश्चिमेकडील डोंगरवाटांची नावे

स्थलनामांचा विचार आपल्याकडे बहुधा गावांच्या व किल्ल्यांच्या नावांपुरताच झालेला आहे. ह्याचे कारण उघड आहे. गावाचे नाव महसुलाच्या दप्तरात येते, किल्ल्याचे नाव बखरीत व फर्मानात येते. त्यामुळे अभ्यासकाला जुनी रूपे हाती लागतात आणि व्युत्पत्तीचा धागा मागे नेता येतो. परंतु डोंगराच्या अंगावरील जी लहान नावे असतात, म्हणजे वाटेची, खिंडीची, पाणवठ्याची, एखाद्या कड्याची, ती क्वचितच कागदावर चढतात. डोंगरात हिंडणाऱ्याला मात्र नेमकी हीच नावे लागतात. गावाचे नाव त्याला मोटारीतून उतरेपर्यंत पुरते. पुढे त्याचा सगळा भरवसा ह्या बिनकागदी नावांवर असतो. प्रस्तुत लेखात अशा नावांतील एकाच घटकाचा, 'बारी' ह्या शब्दाचा, विचार करावयाचा आहे. प्रदेश घेतला आहे तो पिंपळनेरच्या दक्षिणेचा व पश्चिमेचा, जेथे खानदेश, बागलाण आणि डांग हे तीन मुलूख एकमेकांना भिडतात.

पिंपळनेर हे आज धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पांझरेकाठचे गाव आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पिंपळनेर हे तालुक्याचेच नाव म्हणून आढळते. गावाच्या दक्षिणेस सह्याद्रीचे दोन फाटे पूर्वेकडे गेले आहेत. त्यांपैकी जवळचा तो सेलबारीचा, ज्यावर मांगी-तुंगीची जोडशिखरे आहेत. त्याच्या पलीकडचा डोलबारीचा, ज्यावर साल्हेर, मुल्हेर, मोरा हे किल्ले उभे आहेत. दोहोंच्या मधून मोसम नदी वाहते आणि तिच्यावरील धरणाचे नाव हरणबारी असे आहे. पिंपळनेरहून ताहराबादकडे जाणारा रस्ता शेलबारीतून, म्हणजे ज्या खिंडीवरून रांगेला नाव पडले तिच्यातूनच, जातो. वायव्येस नवापूरकडे उतरणारा रस्ता चरणमाळावरून जातो. त्याच्याही उत्तरेस धुळे-सुरत हा मोठा मार्ग कोंडाईबारीतून सह्याद्री ओलांडतो. आणि डांगच्या सीमेलगत, दाट झाडीत, बारीपाडा नावाची कोकणा लोकांची वस्ती आहे. सेलबारी, डोलबारी, हरणबारी, कोंडाईबारी, बारीपाडा: इतक्या थोड्या क्षेत्रात एकाच घटकाची इतकी नावे सापडावीत ही गोष्ट योगायोगाची नव्हे.

ह्या नावांचा अर्थ समजण्यासाठी प्रथम भूमीकडे पाहिले पाहिजे. सह्याद्री म्हटला की आपल्या मनात कोकणावर ताठ उभा असलेला कडा येतो: वर देश, खाली कोकण, आणि दोहोंमध्ये दोन-तीन हजार फुटांची उतरण. पिंपळनेरच्या पश्चिमेस सह्याद्रीचे हे रूप राहिलेले नाही. तापीच्या खोऱ्याजवळ येता येता मुख्य रांग खचत जाते, तिचे तुकडे होतात, आणि तिच्यापासून निघालेले फाटेच अधिक उंच व ठळक दिसू लागतात. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात कळसूबाईखेरीज त्याहून उंच शिखर नाही. अशा प्रदेशात प्रवाशापुढचा प्रश्न खाली कसे उतरावे हा नसून पलीकडे कसे जावे हा असतो.

ह्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. दख्खनचे काळे पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत हे सर्वश्रुत आहे. धुळे व नंदुरबार ह्या भागांत त्या थरांना पडलेल्या उभ्या भेगांतून शिलारस वर चढला आणि भेगांतच थिजला. पुढे सभोवतालचा खडक झिजून गेला, परंतु काही ठिकाणी ह्या भेगांतला टणक पाषाण मागे उरला. भूशास्त्रज्ञ ज्यांना भित्ती म्हणतात अशा ह्या लांबच लांब, सरळ, बहुतांशी पूर्व-पश्चिम धावणाऱ्या टेकड्या साक्रीहून नंदुरबारकडे जाताना वाटसरूला सहज दिसतात. एखाद्या दैत्याने शेताला कुसू घालावे तशा त्या दिसतात. अशा भिंतींच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला दोन डोंगरांमधील फटीचे सर्वांत स्वाभाविक नाव कोणते सुचेल? दार, किंवा खिडकी.

'बारी' ह्या शब्दाचा अर्थ नेमका हाच आहे. संस्कृत 'द्वार' ह्या शब्दाची प्राकृतात एकाहून अधिक रूपे झाली. हेमचंद्राने आपल्या बाराव्या शतकातील व्याकरणात 'दार' व 'बार' ही दोन्ही रूपे नोंदली आहेत. आरंभीच्या 'द्व' ह्या जोडाक्षरातील पहिला वर्ण टिकला की 'द' येतो आणि दुसऱ्याचा प्रभाव राहिला की 'ब' येतो. मराठीने घरासाठी 'दार' पत्करले. गुजरातीने 'बारणुं' हा दरवाजासाठी व 'बारी' हा खिडकीसाठी. परंतु एवढ्यावरून डोंगरातील 'बारी' गुजरातीतून आली असे म्हणणे घाईचे होईल. मराठीतही द्व-चा ब झालेले शब्द रोजच्या वापरात आहेत. बारा, बावीस, बत्तीस ह्या संख्या म्हणताना आपण त्याच परिवर्तनाचा उच्चार करीत असतो. शिवाय 'बारी' हे नाव खानदेशाच्या बरेच दक्षिणेसही आढळते. कळसूबाईच्या पायथ्याच्या ज्या गावातून बहुतेक लोक शिखर चढू लागतात त्याचे नाव बारी हेच आहे, आणि ते अकोले तालुक्यात, म्हणजे गुजरातच्या भाषेपासून पुष्कळ दूर आहे. तेव्हा एवढेच म्हणणे सुरक्षित होय की हा शब्द उत्तर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना जुना आहे, आणि सेलबारी-डोलबारीच्या परिसरात तो विशेष दाटीने आला आहे.

आता 'घाट' पाहू. संस्कृत 'घट्ट' ह्यापासून आलेला हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो: नदीच्या पायऱ्या आणि डोंगराची चढण. दोहोंत समान आहे ती उतरण. पाण्याकडे उतरायचे असो की कोकणात उतरायचे असो, घाट म्हणजे पायरीपायरीने खाली नेणारी जागा. युरोपीय लोकांनी हा शब्द वाटेवरून उचलून सबंध पर्वतावर बसवला. त्यातून 'पश्चिम घाट' हे नाव झाले आणि तेच आता आपल्या शाळेच्या भूगोलातही रुळले आहे. दाराच्या नावाने घर ओळखले जावे तसाच हा प्रकार. परंतु येथे त्याची तक्रार करीत बसण्याचे कारण नाही. 'खिंड' हा तिसरा शब्द देशावरचा. त्यात तुटलेपणाचा, खंडित होण्याचा अर्थ आहे आणि १६६० सालच्या पावनखिंडीमुळे त्याला मराठी मनात रणाचा वास चिकटला आहे. घाट उतरतो, खिंड तुटते, बारी उघडते. तिन्ही शब्द कोशात एकमेकांचे पर्याय म्हणून दिले जातात. डोंगरात ते पर्याय नाहीत.

ह्याचा धडा प्रस्तुत लेखकाला काहीसा महागात मिळाला. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसह सेलबारीच्या रांगेत नावे टिपण्यासाठी गेलो असता, पहाटे एका गुराख्याला मी प्रमाण मराठीत "घाट कोणीकडे, दादा?" असे विचारले. त्याने हात केला तिकडे आम्ही निघालो आणि दीड तासाने डांबरी रस्त्याच्या वळणावर, मालमोटारींच्या धुरात, येऊन उभे राहिलो. ऊन वर आले होते आणि पाण्याची एकच बाटली उरली होती. संध्याकाळी गावात हा प्रकार सांगितला तेव्हा एका वृद्धाने हसून म्हटले, "घाट मोटारना, बारी पायनी." घाट मोटारीचा, बारी पायाची. एका माणसाच्या एका वाक्यावर शास्त्र उभारता येत नाही हे मी वर्गात नेहमी सांगतो, आणि येथेही ते विसरलेलो नाही. तरीही गुराख्याचे काही चुकले नव्हते. मी ज्या शब्दाने विचारले त्या शब्दाची वस्तू त्याने दाखवली.

रस्ते बांधणाऱ्या खात्यांच्या कागदांत व लोकांच्या तोंडी आता 'शेलबारी घाट', 'कोंडाईबारी घाट' अशी नावे रूढ झाली आहेत. पूर्वपदाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनातून पुसट झाला म्हणजे त्याच अर्थाचा दुसरा शब्द त्याला जोडला जातो. 'सहारा' ह्या अरबी शब्दाचा अर्थच वाळवंट असताना आपण 'सहाराचे वाळवंट' म्हणतो तसे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही द्विरुक्ती शब्दाच्या मरणपंथाची खूण मानता येईल. परंतु येथे शब्द अजून मेलेला नाही; तो फक्त डांबरी रस्त्यावरून खाली उतरून पायवाटेवर गेला आहे.

भाषेच्या सीमेविषयी दोन शब्द लिहिणे येथे अवश्य आहे, कारण ह्या डोंगरात येणारा प्रवासी राज्याची सीमा आणि बोलीची सीमा एकच समजतो. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले. डांग गुजरातकडे गेला. पश्चिम खानदेशातील काही गावेही गेली. त्यापूर्वी डांगची भाषा मराठी की गुजराती ह्यावर पुष्कळ वाद झाला होता आणि दोन्ही बाजूंनी भाषेचे दाखले पुढे केले गेले होते. वस्तुतः बोलीच येथे दोन्ही बाजूंना चकवते. अस्तित्ववाचक क्रियापद घ्या. प्रमाण मराठीत 'आहे', गुजरातीत 'छे'. महाराष्ट्रात राहिलेल्या अहिराणीत ते 'शे' आहे, म्हणजे स्पष्टपणे 'छे'चे भावंड. उलट गुजरातेत गेलेल्या डांगमधील कोकणा बोलीत ते 'आहा' आहे, म्हणजे 'आहे'चे भावंड. षष्ठीचा प्रत्यय पाहिला तर चित्र पुन्हा बदलते. अहिराणीचा '-ना, -नी' हा गुजरातीच्या '-नो, -नी' शेजारी बसतो. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीत खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता, स्टेन कोनो ह्यांनी सिद्ध केलेल्या भिल्ल भाषांच्या १९०७ च्या खंडात केला गेला तो ह्याच कारणाने. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीहून वेगळी, अनुसूचीबाहेरची भाषा म्हणून मोजली गेली आणि तिचे भाषक साडेअठरा लाखांच्या घरात भरले. सीमेची रेषा आखणाऱ्याला ह्या गोष्टी अडचणीच्या वाटतात. वाट चालणाऱ्याला मात्र त्यांचा उपयोग आहे: 'शे' ऐकू येत होते तेथे 'आहा' ऐकू येऊ लागले म्हणजे आपण खालच्या शेतकरी गावांतून वरच्या पाड्यांत आलो असे समजावे, राज्य कोणतेही असो.

ही माणसे डोंगर कसा ओलांडीत आली ह्याला इतिहासात भरपूर पुरावा आहे. सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे जाणारा व्यापारी मार्ग नवापुरावरून जात असे आणि सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये ह्याने नवापूरच्या तांदळाच्या कस्तुरीसारख्या सुवासाची मोठी वाखाणणी केली आहे. १६७० च्या सुरतेच्या स्वारीनंतर मराठ्यांचे सैन्य बागलाणातूनच परतले आणि १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोगलांशी मोठी लढाई झाली. बारीवर ज्याचा ताबा त्याच्या हातात दार.

आता करमणुकीसाठी डोंगरावर जाण्याची आधुनिक रीत पाहू. ती आपल्याकडे आली थंड हवेच्या ठिकाणांबरोबर. १८५० मध्ये ह्यू मॅलेट माथेरानच्या पठारावर चढला आणि नंतरच्या काळात तेथील कड्यांना 'पॉईंट' म्हणण्याची पद्धत पडली: पॅनोरमा पॉईंट, लुईसा पॉईंट इत्यादी. डांगमधील सापुतारा हे त्याच घराण्यातले अलीकडचे मूल. तेथेही सूर्योदयाचा पॉईंट, सूर्यास्ताचा पॉईंट अशीच नावे आहेत. ह्या नावांचे वैशिष्ट्य असे की ती डोळ्याची नावे आहेत. अमुक जागी उभे राहा आणि अमुक दिशेला पाहा, एवढेच ती सांगतात; त्या जागेच्या पुढे जाता येते की नाही ह्याविषयी ती मुकी असतात, आणि बहुधा पुढे जाता येतच नाही, कारण पुढे दरी असते. बारी, माळ, पाडा ही नावे पायाची आहेत. चरणमाळ ह्या नावात गुरे चारण्याची मोकळी सपाटी सरळ ऐकू येते. बारीपाडा म्हटल्यावर खिंडीशी वस्ती आहे, म्हणजे पाणी, विस्तव आणि वाटाड्या मिळण्याचा संभव आहे, हे न पाहता कळते. पहिल्या प्रकारची नावे वाईट आणि दुसऱ्या प्रकारची चांगली असा ह्याचा अर्थ नव्हे. सूर्यास्त पाहणे ही निषिद्ध गोष्ट नाही, आणि मीही तो सापुताऱ्याला रांगेत उभा राहून पाहिला आहे. परंतु पहिल्या प्रकारच्या नावांनी दुसऱ्यांची जागा घेतली की डोंगराविषयीची माहितीच कमी होते.

येथील लोकांना डोंगरावर आनंदासाठी जाण्याचे ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. मार्गशीर्षात कोकणा, भिल्ल आदी समाज डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. व्रत घेतलेल्या माणसांना माउल्या म्हणतात. ते उपवास करतात, अनवाणी राहतात, पावरीच्या सुरावर फेर धरून नाचतात आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरातील गुहेच्या ठिकाणी, 'गडावर', जातात. थंडीच्या ऐन भरातली ती रात्र उघड्यावर काढली जाते. व्रत, नाच, गाणे, चालणे आणि चांदणे ह्यांपैकी धर्म कोणता आणि करमणूक कोणती अशी विभागणी करू जाणारा अभ्यासक फसेल. 'निसर्गविहार' हा आपला संस्कृत शब्द त्या रात्रीला लावला तर तो शहरी पाहुण्यासारखा अवघडून बसतो. खाली सपाटीवर आखाजीला झाडांना झोके बांधून मुली गाणी म्हणतात, त्यालाही तो शब्द लागू पडत नाही.

वर ज्याचा उल्लेख केला ते बारीपाडा ह्या संदर्भात अधिक पाहण्यासारखे आहे. एकेकाळी तोडीने उघडे पडलेले रान गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून गावाने स्वतः नियम करून राखले. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, पाळीने राखण केली. आज चारशे हेक्टरांहून अधिक वन तेथे उभे आहे. ह्या कामाचे नेते चैत्राम पवार ह्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथे दरवर्षी रानभाज्या शिजवण्याची स्पर्धा भरते आणि स्त्रिया आपापल्या पाककृती मांडून बसतात. भाषेच्या विद्यार्थ्याने ती चुकवू नये. एकेका पानाचे, कंदाचे, कोंबाचे नाव, ते कोणत्या पावसात उगवते, किती वेळा उकळून पाणी टाकावे लागते, हे सारे एका ताटलीपुढे उभे राहून ऐकावयास मिळते. हे शब्द रानाबरोबर जाण्याच्या मार्गावर होते आणि रान परत आल्यामुळे त्यांना पुन्हा काम मिळाले. शब्दसंग्रह टिकवायचा तर शब्दाची वस्तू टिकली पाहिजे, ही गोष्ट आपण कोशकार मंडळी फारशी बोलत नाही.

नावाची चिठ्ठी चुकली म्हणजे काय होते ह्याचे एक उदाहरण ह्याच मुलखातील आहे, आणि ते पक्ष्याचे आहे. रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूम ह्याने १८७३ मध्ये केले. १८८० नंतरच्या थोड्या वर्षांत जेम्स डेव्हिडसन ह्या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले, आणि १८८४ नंतर हा पक्षी पुन्हा कोणाला निश्चितपणे सापडला नाही. अपवाद एकच होता: रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एक नमुना, ज्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि तापीकाठचे मांडवी हे स्थळ लिहिलेले होते. पुढे तपासात उघड झाले की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून उचलून, पुन्हा पेंढा भरून त्याला नवी चिठ्ठी लावण्यात आली होती. एका खोट्या स्थलनामाने शोधकांची दीर्घकाळ दिशाभूल केली. खोट्या चिठ्ठ्या बाजूला सारून जुन्या, खऱ्या स्थळांच्या अनुरोधाने शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ हा पक्षी दिसला, तोही सकाळच्या उन्हात, निष्पर्ण फांदीवर बसलेला. त्यानंतर डांगमधील पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली आहे.

साल्हेर हा जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता ह्या डोंगरांत गर्दी वाढेल, आणि गर्दीबरोबर पाट्याही येतील. पाट्यांवर कोणती नावे लिहावयाची हा प्रश्न कोणाच्या तरी टेबलावर येईल आणि बहुधा एका दुपारी निकालात निघेल. त्याआधी आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी ही नावे गोळा करावीत अशी सूचना मी मागील वर्षी केली होती. त्या कामाच्या पद्धतीविषयी अनुभवाच्या दोन-तीन गोष्टी येथे नमूद करतो.

नावे गावात बसून विचारू नयेत. ओट्यावर बसलेल्या माणसाने पाच नावे सांगितली असतील, तर त्याच्याच मागून वाट चालताना तो पंधरा सांगतो. त्याला ती पायांनी आठवतात. ऋतू विचारावा, कारण पावसाळ्यात चालणारी वाट आणि उन्हाळ्यात चालणारी वाट ह्यांची नावे निराळी असू शकतात. गुराख्याकडून एक, लाकूड आणणाऱ्या बाईकडून दुसरे आणि वनरक्षकाकडून तिसरे नाव आले तर तिन्ही लिहावीत. त्यांतले 'खरे' कोणते हे ठरवण्याची घाई करू नये. आणि एकाच खिंडीची माहिती दोन्ही पायथ्यांना विचारावी. दार कोणत्या बाजूने उघडते हे आपण कोठे उभे आहोत त्यावर ठरते, त्याप्रमाणे अलीकडचे लोक खिंडीला पलीकडच्या गावाचे नाव देतात आणि पलीकडचे लोक अलीकडच्या गावाचे. नकाशात जागा एकाच नावापुरती असते. नोंदवहीत दोन्हीसाठी रकाने आखून ठेवावेत.